तिया बर्नाची खिडकी

सान प्लासिदोच्या हायस्कूलमध्ये दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या दाराशी एक टेबल लागायचं आणि त्यामागे रेना आर्चुलेटा बसायची. अंगात भडक निळा टी-शर्ट, पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'मला विचारा'. समोर वाडगाभर चॉकलेटं, बाजूला फुकट वाटायच्या पेन्सिली आणि गर्भनिरोधनाच्या साधनांची रंगीत चित्रं असलेला एक उभा फलक. पोरं यायची, मूठभर चॉकलेटं उचलायची आणि चालू लागायची. विचारायचं कोणी काही नाही. एकदा बारावीतला एक ताडमाड पोरगा अगदी गंभीर चेहरा करून टेबलावर वाकला. रेना सावरून बसली. त्याने विचारलं, "कॅरमलवाली संपली का?" वर्षभरातला जाहीर प्रश्न काय तो तेवढाच.

रेनाचं डोकं फिरायचं ते यामुळेच. कारण प्रश्न नव्हते असं मुळीच नाही. प्रश्न ढीगभर होते, पण ते मुलींच्या बाथरूममध्ये यायचे, जिमच्या मागच्या भिंतीपाशी यायचे, बसमध्ये पुढच्या सीटवरून मान न वळवता यायचे. सुरुवात नेहमी "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचंय" अशी, आणि त्या मैत्रिणीला कधी नाव नसायचं. एक गोळी विसरली तर काय करायचं? निरोध उन्हाळाभर पिकअपच्या डॅशबोर्डमध्ये पडून होते, ते चालतील का? दोन एकदम वापरले तर दुप्पट सुरक्षित ना? रेना बेसिनवर हात धुता धुता, आरशात बघत, हळू आवाजात उत्तरं द्यायची. आठवताक्षणी घ्यायची, आणि पाकिटावरची सूचना नीट वाचायची. नाही चालणार, उन्हाने ते खराब होतात, फेकून दे. दुप्पट वगैरे काही नाही, उलट एकावर एक घासून फाटतात. सगळी उत्तरं तिला तोंडपाठ होती. दोन उन्हाळे तिने या शिकवणीत घातले होते.

पोरं मोठ्यांचं ऐकत नाहीत, पोरांचं ऐकतात, या एका विचारावर हा सगळा कार्यक्रम उभा होता. आणि विचार काही खोटा नव्हता. पोरं ऐकत होती. ऐकून, समजून, माना डोलावून घरी जात होती. गाडी अडायची ती त्याच्या पुढे.

पुढे होता सरकारी दवाखाना. अग्निशमन केंद्राच्या मागची बुटकी मातकट इमारत. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर दीडएक तास फक्त शाळकरी पोरांसाठी राखून ठेवलेला. एक पैसा द्यायचा नाही, आणि इथल्या कायद्याने आईबापांची परवानगीही लागत नाही. याहून सोपं काय असायचं? पण दारातून आत गेलं की आधी एका खिडकीपाशी नाव सांगावं लागायचं, आणि त्या खिडकीत बसायची तिया बर्ना.

बर्ना म्हणजे रेनाच्या आईची थोरली बहीण. तिया म्हणजे मावशी, पण सान प्लासिदोत ती अर्ध्या गावाची तिया होती आणि उरलेल्या अर्ध्यातल्या बऱ्याच पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर धरलं होतं. गावच्या जत्रेत सोडतीचे नंबर पुकारायला तिला उभं करत, कारण तिच्या आवाजाला माइक लागत नसे. बिंगोच्या हॉलमध्ये तिची खुर्ची ठरलेली, चर्चमध्ये तिचं बाकडं ठरलेलं. अशा बाईसमोर उभं राहून कोणती पोरगी म्हणणार की मला गर्भनिरोधक हवंय? दारापर्यंत जाऊन काचेतून आत डोकावून परत फिरलेल्या पोरी रेनाला नावानिशी माहीत होत्या. ती नावं तिने कधी कोणाला सांगितली नव्हती. निळ्या शर्टवाल्या पोरांच्या प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी हात वर करून म्हणायचं असे, इथलं बाहेर जाणार नाही. रेनाने तो शब्द काटेकोर पाळला होता आणि त्याचा तिला चांगलाच ताठा होता.

कार्यक्रम चालवणाऱ्या मिस केसलर आल्बुकर्कीहून दर गुरुवारी दोन तास गाडी हाकत यायच्या. बाई चांगली होती, हीच तर पंचाईत. चांगल्या बाईशी भांडता येत नाही.

"मिस केसलर, त्या खिडकीचं काहीतरी करा," रेना म्हणाली.

"कुठल्या खिडकीचं?"

"दवाखान्याच्या. तिथे माझी मावशी बसते."

"मग उत्तमच की! आपल्या माणसाचा चेहरा समोर असला की पोरांना धीर येतो."

"अहो, आपलं माणूस आहे म्हणूनच तर पोरी पळतात! ती सगळ्यांच्या आयांबरोबर बिंगो खेळते."

"बर्नाडेटने गोपनीयतेचं प्रशिक्षण घेतलंय, रेना. दरवर्षी घेते."

"घेतलं असेल हो. पण बिंगोच्या हॉलमध्ये त्याची पाटी थोडीच लावलीय? पोरींना कसं कळणार?"

मिस केसलरनी मान एका बाजूला कलती केली. ती अशी कलली की पुढे काय येणार हे रेनाला आता पाठ झालं होतं.

"म्हणजे हा गैरसमज झाला. आणि गैरसमज दूर करायलाच तर आपण आहोत ना? चला, यावर एक छोटा प्रसंग बसवू. रेना, तू खिडकीतली बाई हो."

आणि रेनाला खिडकीतली बाई व्हावं लागलं. खुर्ची ओढून बसली, खोटं हसली, "या, तुमचं गुपित इथे सुरक्षित आहे" असं म्हणाली आणि मनातल्या मनात डोकं भिंतीवर आपटून घेतलं. खरं सांगायचं तर त्या वाक्यावर तिचाही विश्वास नव्हता. तिया बर्नाच्या तोंडात तीळ भिजेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात तालियाने तिला गाठलं. तालिया तफोया म्हणजे तिया इवेटची मुलगी, रेनाची मावसबहीण, तिच्याहून एक वर्षाने लहान. व्हॉलीबॉलचा सराव संपला की रेना तिला घरी सोडायची. त्या दिवशी गाडी घरासमोर थांबली तरी तालिया उतरेना.

"मला ते दंडात बसवतात ते पाहिजे," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "काडीसारखं. तुझ्या फलकावर आहे ना."

"इम्प्लांट."

"हां, तेच. गोळ्या नकोत. आई माझी बॅग रोज उपसते. आणि इसायाहवर सोडलं तर झालंच, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत." ती हसली, मग हसू मावळलं. "मागच्या महिन्यात माझी पाळी लांबली होती. तेव्हा मला घास उतरत नव्हता, रेना. आईला वाटलं मी डाएट करतेय. खूश झाली ती."

"मला का नाही सांगितलंस?"

"आता सांगतेय ना! पुन्हा तसे दिवस मला नको आहेत. मला शाळा संपवून इथून बाहेर पडायचंय. खेळावर शिष्यवृत्ती मिळेल म्हणतात कोच. पोर कडेवर घेऊन सर्व्हिस करू का मी?"

"मग मंगळवारी चल. मी येते बरोबर."

"आणि खिडकीत कोण असेल?" तालियाने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "आई आणि तिया बर्ना रोज सकाळी कॉफी संपेपर्यंत फोनवर असतात. दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात जावं तर आईच्या फोनवर माझा ठिपका पळताना दिसतो."

"ती सांगणार नाही. तसा नियमच आहे."

"पैज लावतेस?"

रेनाला पैज लावता आली नाही. तिला स्वतःचाच राग आला, मिस केसलरचा आला, तिया बर्नाचा तर फारच आला. एवढी हुशार पोरगी, काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक, ते द्यायला दवाखाना तयार, आणि मध्ये काय तर एक मावशी! ठीक आहे, रेना मनाशी म्हणाली, मावशीला बाजूला करायचं.

सप्टेंबर चालू होता, आणि सप्टेंबरात सान प्लासिदोत माणसाला भरदिवसा कामावरून घरी आणायचं एकच सबळ कारण असतं, ते म्हणजे मिरची. पोत्याने हिरवी मिरची घ्यायची, पेंडीच्या दुकानाबाहेर जाळीच्या पिंपात घालून भाजून आणायची, आणि गरम आहे तोवर सगळ्यांनी बसून सोलायची, म्हणजे हिवाळाभराची सोय होते. भाजलेली मिरची उद्यावर टाकता येत नाही. त्यासाठी अर्धी रजा मागितली तर कुठलाही साहेब नाही म्हणत नाही, कारण त्याच्याही घरी तेच चाललेलं असतं. आणि बर्ना रजेवर गेली की खिडकीत बसायला जिल्ह्याच्या गावाहून एक मुलगी यायची, जिला इथलं काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

"आई, या मंगळवारी मिरची करू या का?" रेनाने सहज सुचल्यासारखं विचारलं. "तिया बर्नालाही बोलव. तिच्यासारखं कोणाला जमत नाही."

तिची आई लोरेन बघतच राहिली. "तुला बरं आहे ना? दरवर्षी मिरची म्हटलं की तुला गृहपाठ आठवतो."

"अगं, शिकायला नको का कधीतरी?"

लोरेनला भरून आलं. तिने तिथल्या तिथे फोन उचलला. बर्नाला केला, लगेच इवेटला केला, आणि मग रेनाला स्वयंपाकघरातून ऐकू आलं, "हो हो, तालियालाही आण. मुलींनी शिकायला पाहिजे. रेना स्वतःहून म्हणाली, खोटं वाटेल तुला! कोचना मी सांगते, तू नको काळजी करू."

रेना पलंगावर बसून राहिली. इतकी वर्षं या घरात काढून एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. मिरची सोलायला मावशीला बोलावलं की घरातली झाडून सगळी बायकामंडळी येते, आणि जी पोरगी टेबलाशी नसते तिच्याविषयीच टेबलावर बोललं जातं. मावशीला खिडकीतून हलवलं होतं तिने, पण तालियालाही मावशीसमोरच आणून बसवलं होतं. निळा शर्ट घालून गावाला शहाणपण शिकवणाऱ्या पोरीने स्वतःच्या घरचा साधा रिवाज हिशेबात धरला नव्हता.

मंगळवारी दुपारी गॅरेजमध्ये लांब टेबल मांडलं गेलं. वाफाळत्या मिरच्यांचे ढीग, करपलेल्या सालींचा तो घशात बसणारा वास, एका टोकाला तिया बर्ना, दुसऱ्या टोकाला तिया इवेट, मध्ये लोरेन आणि दोघी पोरी. हातमोजे घालायचे नाहीत, हातमोजे पाहुण्यांसाठी. आणि एकदा बसलं की डोळ्यांना हात लावायचा नाही.

दवाखान्याची वेळ झाली तशी रेना उठली. "पिशव्या कमी पडतील. मी आणि तालिया जाऊन घेऊन येतो."

"बस खाली," बर्ना गरजली. "गाडीत खोकंभर आणल्यात मी."

थोड्या वेळाने रेना म्हणाली, "तालियाला पुस्तक परत द्यायचंय लायब्ररीत."

"कसलं पुस्तक?" इवेटने विचारलं. तालियाला पुस्तकाचं नाव सुचेना. रेनालाही सुचेना. दोघी एकदम वेगवेगळं काहीतरी म्हणाल्या आणि टेबलावर हशा पिकला.

"पोरांना भेटायचंय यांना," लोरेन म्हणाली. "आम्हीपण लायब्ररीतच जायचो गं!"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. दवाखान्यातली ती अनोळखी मुलगी आत्ता खिडकीत बसली असेल, मोकळी, नखं बघत. रेनाच्या बोटांची आग होत होती, आणि समोर तालिया खाली मान घालून मिरचीमागून मिरची सोलत होती. तिने एकदाच वर पाहिलं आणि खांदे उडवले. तेवढ्यानेही रेनाला रडू आल्यासारखं झालं. घड्याळात पाच वाजले. दवाखाना बंद झाला.

आणि नेमका तेव्हाच इवेटने विषय काढला.

"मोंतोयांच्या धाकटीचं कळलं का? सहावा महिना म्हणे. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि हे." तिने मिरचीने माखलेलं एक बोट दुसऱ्या बोटावर घासलं. लहानपणापासून इथे लाज काढायची ती ही खूण आणि हा शब्द. "ओंबर्स! बर्ना, तुला तर आधीच माहीत असेल."

"मिरच्या सोल," बर्ना म्हणाली.

"सांग ना! बाहेर कशाला जातंय?"

"सोल म्हटलं ना. थंड झाल्या की साल सुटत नाही."

मोंतोयांची धाकटी रेनाला चांगली ठाऊक होती. गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये 'एका मैत्रिणीसाठी' तिनेच प्रश्न विचारले होते. रेनाने तिला मंगळवारची वेळ सांगितली होती. ती गेली होती आणि काचेतून आत बघून परत आली होती. "तुझी तिया बसलीय तिथे," एवढंच म्हणाली होती.

"तुम्ही मग काय शिकवता गं तिथे," लोरेनने लेकीला कोपराने ढोसलं, "निळे शर्ट घालून? चॉकलेटं वाटता नुसती!"

ती चेष्टाच होती. पण रेनाचा दिवस इतका वाईट गेला होता की तिला चेष्टा ऐकू आली नाही.

"सगळं शिकवतो आम्ही!" ती ओरडली. "सगळ्यांना सगळं माहिती आहे! कुणाला काय वापरायचं, कसं वापरायचं, सगळं! पण दवाखान्यात कोणी पाय ठेवत नाही, आणि का नाही ते माहितीये? या तियामुळे!"

"माझ्यामुळे?" बर्नाचे हात थांबले.

"तुझ्यामुळेच! बिंगोत तू, चर्चमध्ये तू, आणि खिडकीतही तूच! कोण येईल तुझ्यासमोर नाव सांगायला? तालिया कधीची म्हणतेय यायचंय, यायचंय, पण तुझ्या तोंडाकडे बघून तिची हिंमत..."

शब्द तोंडातून निसटला होता आणि रेनाला तो जाताना दिसलाही होता. तिने ओठ मिटले, पण आता मिटून उपयोग नव्हता.

तालियाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचे डोळे भरले, हात डोळ्यांकडे गेला आणि अर्ध्यात थांबला, कारण बोटांना मिरची होती. पाणी तसंच गालांवर उतरलं.

"तालियाला कुठे यायचंय?" इवेटने विचारलं. फार हळू विचारलं तिने. "दवाखान्यात? कशासाठी?"

रेनाला खोटं बोलायचं होतं, कुठलंही, पण डोक्यात काहीच येत नव्हतं. दोन उन्हाळ्यांत तिने जे जे पाठ केलं होतं त्यात यावर काही नव्हतं.

"चूक माझीच आहे," तिया बर्ना म्हणाली.

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. एक मिरची उचलली, देठाकडून साल धरली आणि एका ओढीत काढली.

"ऑगस्टमध्ये दवाखान्यात खेळाडूंच्या तपासण्या झाल्या ना. तेव्हा मी काट्यावर हिचं वजन वाचलं. मोठ्याने. मागे फुटबॉलची सगळी पोरं रांगेत उभी."

"किती मोठ्याने?" इवेटने विचारलं.

"माझा आवाज माहितीये तुला."

"अगं बर्ना!" लोरेनने कपाळावर मनगट मारून घेतलं.

"पोरं हसली. मीही हसले, मूर्खासारखी. तेव्हापासून ही पोर तिकडे फिरकली नाही. तिची सोळाव्या वर्षाची लस राहिलीय. मीच तुला सांगणार होते, पण कुठल्या तोंडाने सांगू?"

इवेटचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लालबुंद. "जेवण सोडलं होतं तिने! मागच्या महिन्यात पोरगी ताटाला हात लावत नव्हती आणि मी खूश होत होते की डाएट करतेय! तुझ्या तोंडाला काही टाळं आहे की नाही? अख्ख्या फुटबॉलच्या टीमसमोर?"

"नाही ना, टाळंच तर नाही."

"सख्खी भाची आहे ती तुझी!"

"हो गं बाई. चुकले मी. सॉरी, तालिया." बर्नाने अजूनही मान वर केली नव्हती. "पुढच्या मंगळवारी पाठव तिला, शाळा सुटली की. लस मी मार्गी लावते, आणि जे काय बाकी राहिलं असेल ते नर्स आत बघेल. मी चकार शब्द काढणार नाही."

"काढूनच बघ," इवेट म्हणाली आणि पुढचा पाऊण तास बर्नाची सालटी काढत राहिली. लहानपणापासून बर्नाने कुठे कुठे तोंड उघडून कोणाकोणाची शोभा केली त्याची उजळणी झाली. लोरेननेही दोनचार जुन्या गोष्टींची भर घातली. बर्ना सगळं ऐकत होती, "हो," "खरंय," "तेव्हाही चुकलेच" म्हणत होती आणि भराभर मिरच्या सोलत होती.

रेना त्या तपासणीच्या दिवशी तिथेच होती. पाण्याचे पेले भरून द्यायचं काम तिच्याकडे होतं. वजन पडद्याआड होत होतं, ते नर्स घेत होती, आणि तिया बर्ना दिवसभर खिडकीतून उठलीही नव्हती. फुटबॉलची पोरं तर दुसऱ्याच दिवशी आली होती. त्यातलं एक अक्षरही घडलेलं नव्हतं. रेना त्या बाईकडे बघत राहिली आणि आतल्या आत शरमेने पेटत राहिली. तिया बर्नाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणे! बिंगोचे किस्से, जत्रेतला आरडाओरडा, कोणाच्या लग्नात कोण पडलं, हे सगळं ती गावभर करायची, पण दवाखान्यातलं कोणाचं नाव तिच्या तोंडून रेनाने आजवर कधी ऐकलं होतं? आठवू गेली तर एकही आठवेना. हे तिने आधी कधी आठवून बघितलंच नव्हतं.

सगळं आवरल्यावर तालिया बाहेर नळाशी साबणाने हात घासत होती. रेना शेजारी जाऊन उभी राहिली.

"तालिया, मला माफ कर. मी मुद्दाम नाही... मला इतका राग आला होता ना..."

"तुला राग आला होता?" तालिया म्हणाली.

"पुढच्या मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर. बाहेर थांबते. आत नाही येत."

"नको."

"मग गाडी घेऊन जा माझी."

"नको म्हटलं ना. आई सोडणार आहे. लस आहे ना माझी." तिने नळ बंद केला. हात झटकले. "तिया बर्नाला मी काहीही सांगितलं नव्हतं, रेना. सगळं तुला सांगितलं होतं."

ती निघून गेली. रेनाने बोटं साबणाने धुतली, दुधाने धुतली, तरी रात्रभर त्यांची आग गेली नाही, आणि ती आगच बरी वाटत होती.

तो आठवडा कसाबसा सरला. गुरुवारी मिस केसलरनी गोपनीयतेवर एक नवा प्रसंग बसवायचा म्हटला तेव्हा रेनाने पोट दुखतंय असं सांगितलं आणि बाहेर जाऊन बसली. तालिया शाळेत दिसायची, मान हलवायची, पण सरावानंतर आता इसायाहच्या गाडीने जायची. त्या गाडीचे दिवे दिसेनासे होईपर्यंत रेना बघत राहायची. ही मंगळवारी जाईल ना? नुसती लस घेऊन परत येणार नाही ना? इवेट आत येऊन बसली तर? ती नर्सला म्हणेल का मला काय हवंय ते? रेना तिला दहा वेळा विचारायला निघाली आणि दहाही वेळा परत फिरली.

मंगळवार गेला. बुधवारी रेनाला राहवेना. शाळा सुटल्यावर ती तिया बर्नाच्या घरी गेली. तिया शेगडीपाशी उभी राहून बटाटे परतत होती, रेनाच्या घरून नेलेली मिरची त्यात घालत होती.

"तिया, तू त्या दिवशी..." रेना दाराशीच थांबली. "सगळ्यांनी तुला केवढं सुनावलं."

"इवेट ना? ती अजून बोलतेय. सकाळी फोनवर कॉफी संपली, बोलणं संपलं नाही."

"माझी चूक होती."

"हो, होतीच," बर्ना म्हणाली. रागाने नाही, पण गुळमुळीतही नाही. "मीठ दे तिथलं."

रेनाने मीठ दिलं. मग दोन पावलं पुढे आली, आवाज खाली आणला, घरात तिसरं कोणी नव्हतं तरी.

"आली होती का ती?"

"कोण?"

"तालिया. काल."

बर्नाने बटाटे उलटले, आच कमी केली आणि वळून तिच्याकडे पाहिलं. खिडकीतून अनोळखी माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणाने.

"कोण तालिया?"

"तिया, असं काय करतेस? एवढंच सांग, तिला पाहिजे होतं ते मिळालं का? मीच तर तिला... माझ्यामुळेच तर हे सगळं... मला झोप लागत नाहीये गं!"

"लागेल हळूहळू," तिया बर्ना म्हणाली. "बस. टॉर्तिया गरम आहेत."

रेना बसली. तिया बर्नाने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि जत्रेतल्या सोडतीत यंदा कोणाचा नंबर कसा चुकला ते मोठ्या आवाजात सांगायला लागली.